फलोदीचा उन्हाळा : मे महिन्यात लेकीला घेऊन जावं का?

चिंचपेटी | ९ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली राजस्थानात फलोदीजवळच्या एका सोलर साइटवर झाली आहे. मार्चअखेरीस तो गेलासुद्धा. फलोदी गावात दोन खोल्या भाड्याने मिळाल्यात, वरचा मजला, कूलर आहे, एसी नाही. लेकीची (वय ७) परीक्षा आटोपली की मेमध्ये आम्ही दोघींनी जाऊन राहायचं असं ठरलं होतं. पण सासूबाईंनी कुठेतरी '५१ डिग्री' वाचलं आणि घरात दोन तट पडले. त्यांचं म्हणणं, पोरीला भाजून काढायचंय का? नवऱ्याचं म्हणणं, ठाण्यात घामाने निथळण्यापेक्षा इथे बरं. तो वाळवंटात बसून हे बोलतोय म्हणून मी गोंधळात आहे.

तिकडे राहिलेलं कोणी आहे का इथे? रोजच एवढं तापतं का? आणि अंदाज कुठला धरायचा? माझ्या मोबाईलवर ४० दिसत असतं तेव्हा त्याच्या गाडीत ४६ दिसतं. मे नको तर जून, की सरळ जुलै? शाळा जूनच्या मध्यात सुरू होते, हेही आहेच.

---

उपद्व्यापी | ९ एप्रिल, रात्री १०:५८

फलोदी म्हणजे तेच ना, निवडणूक आली की ज्याचा सट्टाबाजार वाहिन्यांवर झळकतो? तिथे म्हणे पावसावरही भाव लावतात. ताई, हवामान खातं राहू द्या, नाक्यावर जाऊन 'मेच्या तिसऱ्या आठवड्याचा भाव काय' विचारा.

(हलके घ्या. आणि तो प्रकार बेकायदेशीर आहे, खरंच विचारू नका.)

---

वऱ्हाडी_ठेचा | ९ एप्रिल, रात्री ११:२०

काहून घाबरता राजेहो! आमच्या अकोल्यात ४५-४६ झाले तरी लग्नाच्या पंगती उठतात. लेकरं मामाच्या गावाला येतात ती ऐन मे मध्येच. कांदा खिशात, दुपट्टा डोक्याला, कूलरमध्ये पाणी, संपला विषय. ठाण्याच्या लोकांना ३५ च्या पुढं आकडा दिसला की धडकीच भरते.

---

ढगफुटी | १० एप्रिल, सकाळी ७:१५

ठेचाभाऊ, तुमच्या पंगतीला सलाम, पण ताईंनी आकडे विचारलेत, आधी तेवढं निस्तरू.

५१.० अंश ही नोंद खरी आहे. १९ मे २०१६, फलोदी. भारतातला आजवरचा विक्रम. त्याआधीचा मान अलवरकडे होता, मे १९५६ मधला ५०.६. जून २०१९ मध्ये चुरू ५०.८ ला जाऊन आलं, आणि मे २०२४ च्या लाटेत फलोदीने पुन्हा ५० गाठले. पण हे लाटेचे दिवस. फलोदीचं मेमधलं नेहमीचं कमाल तापमान ४१-४२ च्या घरात असतं. म्हणजे सासूबाईंनी वाचलेलं चूक नाही, पण ते रोजचं नाही.

गाडी आणि मोबाईल यांचं भांडण नेहमीचंच. हवामान खात्याचा थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत आणि खेळत्या हवेत असतो. गाडीचा सेन्सर बंपरच्या मागे, खाली तापलेलं डांबर. तो दुपारी चार-सहा अंश जास्त दाखवणारच. मोबाईलचं ॲप तर बहुतेक वेळा गावातलं मोजमाप दाखवतच नाही, संगणकाच्या मॉडेलने काढलेला मोठ्या चौकोनाचा आकडा तुमच्या गावाच्या नावावर टाकतं.

सरकारी यंत्रही बिघडू शकतं म्हणा. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवले आणि देशभर हलकल्लोळ झाला. तपासणी केली तर सेन्सर ३ अंशांनी जास्त दाखवत होता. फलोदीचे ५१ मात्र अधिकृत नोंदीत कायम आहेत.

अंदाजासाठी हवामान खात्याच्या जयपूर केंद्राचं रोजचं पत्रक बघा. जिल्हावार रंग असतात. फलोदी २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, त्यामुळे जोधपूरच्या नावाखाली शोधावं लागत नाही. मैदानी भागात कमाल तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं की उष्णतेची लाट. सरळ ४५ गाठले तरी लाट, ४७ ला तीव्र लाट.

आता माझं मत. फलोदीच्या अंदाजात कमाल आकडा सगळे बघतात. तुम्ही किमान बघा. दिवसभर घरात बसून ४५ काढता येतात. रात्रीचा पारा तिशीच्या खाली उतरलाच नाही तर चौथ्या दिवशी मूल चिडचिडं होतं, मोठी माणसं आजारी पडतात. हवामान खातं हल्ली 'गरम रात्री'चा इशारा वेगळा देतं तो याचसाठी.

---

चिंचपेटी | १० एप्रिल, दुपारी १:०५

@ढगफुटी, किमानचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण वाळवंटात रात्री थंड होतं असं शाळेत शिकलो होतो ना?

---

ढगफुटी | १० एप्रिल, दुपारी १:३०

हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये होतं. हवा कोरडी, आकाश मोकळं, सूर्य मावळला की जमीन झपाट्याने उष्णता सोडते. पण मेच्या उत्तरार्धात दिवस तेरा-साडेतेरा तासांचा, रात्र छोटी, त्यात हवेत धूळ. ती धूळ जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही. शिवाय गावात दगड आणि काँक्रीट. बाहेर धोऱ्यावर (वाळूच्या टेकडीवर) बरं वाटतं, गल्लीत नाही.

---

पॅनेलपुसे | १० एप्रिल, रात्री ९:५०

धागा आजच दिसला. मी भडल्याच्या सोलर पार्कच्या बाजूला दोन उन्हाळे काढलेत (कंपनीचं नाव विचारू नका), राहायला फलोदीतच होतो, तेव्हा जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट म्हणजे वारा. पुण्या-मुंबईच्या माणसाला उन्हाळा म्हणजे हवा पडलेली, पान हलत नाही, असं डोक्यात असतं. तिथे उलटं. एप्रिलच्या शेवटापासून नैर्ऋत्येचा वारा सुटतो तो दुपारभर थांबत नाही. हेअर ड्रायर तोंडासमोर धरल्यागत. घाम येतो पण दिसत नाही, जागच्या जागी वाळतो. शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटतात त्यावरून कळतं किती गेलाय. नवीन माणूस इथेच फसतो. घाम नाही म्हणून पाणी पीत नाही आणि चारच्या सुमाराला डोकं धरून बसतो.

साइटवरची कामं उन्हाळ्यात पहाटे सुरू होऊन अकराच्या आत आटपतात. दुपारी पॅनेलच्या चौकटीला उघडा हात लावला तर चटका बसतो. गंमत अशी की ऊन जास्त म्हणून वीज जास्त असं नसतं. पॅनेलची क्षमता सेल २५ अंशांवर असताना मोजलेली असते. हवा ४५ ला असली की सेल ६५-७० ला जातो आणि प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटतं. म्हणजे भर दुपारी १४-१५ टक्के नुसती गरमीच खाते. वर धूळ. पाण्याची बोंब, म्हणून रात्री कोरड्या ब्रशचे रोबो फिरवतात. भडला पार्क २,२४५ मेगावॉटचं आहे, नजर पोचेल तिथवर काळंनिळं. (माझं नाव तिथूनच पडलं.)

मोबाईल उन्हात ठेवला तर तापून बंद पडतो. वहिनींना सांगतो, नवऱ्याने दुपारी फोन उचलला नाही तर लगेच घाबरून जाऊ नका.

दुसरी गोष्ट आंधी. मे-जूनमध्ये चार-पाच दिवस तापलं की एखाद्या संध्याकाळी पश्चिमेला क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते. पाच-दहा मिनिटांत ती गावावर. दिवे लावावे लागतात. पारा आठ-दहा अंशांनी धाडकन उतरतो, कधी चार थेंब पडतात, ते अंगावर चिखलाचेच पडतात. दुसऱ्या दिवशी हवा एकदम छान. म्हणून अंदाजात 'पश्चिमी विक्षोभ' हा शब्द दिसला की साइटवर सगळ्यांचे चेहरे खुलायचे. भूमध्य समुद्राकडून वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारी ही कमी दाबाची प्रणाली पुढे सरकली की दोन-तीन दिवस उसंत मिळते. नंतर पारा पुन्हा चढायला लागतो.

आंधीचा इशारा असेल तर कपडे गच्चीवर ठेवू नका. माझी एक चादर शेजारच्या मोहल्ल्यात सापडली होती.

---

वऱ्हाडी_ठेचा | ११ एप्रिल, सकाळी ८:४०

बरं, मग आमच्यापेक्षा वेगळं काय? कूलर तिथंही अन् इथंही.

---

ढगफुटी | ११ एप्रिल, सकाळी ९:२५

फरक नाहीच फारसा, आणि म्हणूनच तुमचा सल्ला अर्धा बरोबर आहे. कूलर किती थंड करेल हे बाहेरच्या आकड्यावर नाही, हवा किती कोरडी त्यावर ठरतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की तो जिथवर उतरतो, त्याच्या खाली कूलर जाऊच शकत नाही. फलोदीत दुपारी ४६ अंश आणि आर्द्रता १० टक्के असेल तर ही तळरेषा येते सुमारे २२. म्हणजे चांगल्या कूलरची हवा २८ च्या आसपास मिळते. ठाण्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला तळरेषाच २८ वर असते, तिथे कूलर नुसता पंखा होऊन बसतो. ताईंचे यजमान म्हणतात ते यासाठी खरं आहे.

पण जुलै उजाडला की चित्र फिरतं. मान्सून पश्चिम राजस्थानात जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, वर्षभराचा पाऊस जेमतेम दोन-तीनशे मिलिमीटर, पण दमटपणा आधीच येऊन बसतो. ३८ अंश आणि ५५ टक्के धरले तर तळरेषा ३० च्या वर. आकडा मेपेक्षा आठ अंश कमी, आणि जीव जास्त कासावीस. एसी नसताना जुलै मी तरी निवडणार नाही.

---

बाजरीची_भाकर | ११ एप्रिल, दुपारी ३:१०

आमचं मूळ गाव फलोदी. चार पिढ्यांपासून जालन्यात आहोत, पण चुलते अजून तिथेच, दर एक-दोन वर्षांनी जाणं होतं. जालना, नगर, इचलकरंजी कुठल्याही बाजारपेठेत विचारा, फलोदीकडचं एखादं ओसवाल घर निघेलच.

बाई, तुम्ही सगळं विचारलंत, पण मला तुमच्या पोस्टमधला एकच शब्द खटकला. वरचा मजला. तिथे छतं दगडी पट्ट्यांची असतात. ती दिवसभर तापतात आणि रात्री दोनपर्यंत ती धग खाली सोडत राहतात. आमच्या जुन्या वाड्यात उन्हाळ्यात वरच्या खोल्यांना कुलूप लागायचं, सगळं बिऱ्हाड तळमजल्यावर. दोन फुटी भिंती, उंच छत, एक झरोका. तिथे दुपारी बारा ते पाच कूलरशिवायही निजता येतं. झोपायला मात्र रात्री गच्चीवर, पाणी शिंपडून, बाज टाकून. नवऱ्याला सांगा, भाडं पाचशे-हजार जास्त पडलं तरी खालची जागा बघ.

दुसरं पाणी. तिकडे सगळा भरवसा इंदिरा गांधी कालव्यावर. त्याची दुरुस्ती उन्हाळ्यातच काढतात, काही आठवडे कालवा बंद असतो. गावात 'नहरबंदी' म्हणतात. त्या काळात नळ रोज येत नाही, टँकर मागवावा लागतो, आणि कूलर तर घटाघट पाणी पितो. तेव्हा तापमानाच्या अंदाजाइतकीच नहरबंदीची तारीख विचारून घ्या. ज्या घरात जुना टांका आहे, म्हणजे अंगणातलं पावसाच्या पाण्याचं भुयारी टाकं, ते घर दिसलं तर सोडू नका.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी सकाळी दहानंतर अंगावर घेण्यासारखं राहत नाही. मुलीच्या अंघोळीची बादली पहाटेच भरून खोलीत ठेवायची, संध्याकाळी तीच वापरायची.

खाणं सोपं आहे. सकाळी बाजरीची राबडी, दुपारी ताक, केर-सांगरी. सांगरीच्या शेंगा खेजडीच्या झाडाला उन्हाळ्यातच धरतात, ताजी मिळेल. कुरजा पक्षी (करकोचे) मात्र दिसणार नाहीत, फलोदीजवळच्या खीचन गावाहून ते मार्चपर्यंत निघून जातात. ते बघायला पुन्हा डिसेंबरात या.

---

उपद्व्यापी | ११ एप्रिल, दुपारी ३:४०

भाकरताई, सांगरीची पाककृती वेगळा धागा काढून द्या. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

---

डॉ_गवतीचहा | ११ एप्रिल, रात्री ८:१५

ठेचाभाऊंच्या खिशातल्या कांद्याबद्दल: कांदा खावा, खिशात ठेवून काही होत नाही.

सात वर्षांची मुलगी निरोगी असेल तर जायला हरकत नाही, पण पहिले आठ-दहा दिवस जपायला हवेत. शरीराला उष्णतेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. म्हणून जायचंच तर लाट सुरू असताना थेट उतरू नका, एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जा. मुलं खेळताना तहान विसरतात, विचारून पाणी पाजा. लघवीचा रंग बघत चला, गडद पिवळी झाली की कमी पडतंय. जुलाब-उलटी झाली तर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. बंद गाडीत मिनिटभरही एकटीला ठेवायचं नाही.

अंग तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा झापड येतेय, तर ते साधं ऊन लागणं नाही. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही.

सासूबाईही येणार असतील आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं.

---

चिंचपेटी | १२ एप्रिल, सकाळी ११:००

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला 'तळमजला' आणि 'नहरबंदी' हे दोनच शब्द पाठवलेत, तो म्हणाला, तुला हे कोणी सांगितलं! घरमालकांनी खालची एक खोली उघडून द्यायचं कबूल केलंय. सासूबाई येणार नाहीत, पण धागा त्यांना वाचून दाखवला. डॉक्टरांचं त्यांना पटलं, ठेचाभाऊंचं नाही.

शाळा २८ ला संपते. मेच्या पहिल्या आठवड्यातली जोधपूरपर्यंतची तिकिटं काढतेय.

---

चिंचपेटी | २७ मे, रात्री ९:२०

धागा वर आणतेय. फलोदीहून, गच्चीवरून टंकतेय.

आलो तेव्हा सकाळ-संध्याकाळ अगदी सुखाची होती. लेक शेजारच्या मुलांबरोबर साडेसहाला बाहेर, नऊला आत. पुढच्या आठवड्यात पत्रकात पिवळा रंग आला, मग नारंगी. ढगफुटींनी सांगितल्याप्रमाणे मी किमान बघायला लागले आणि खरंच, ज्या दिवशी ४५ होते पण रात्र २८ ची होती तो दिवस निभावला. कमाल दोनने कमी पण रात्र ३२ ची, तेव्हा लेकीने रात्रभर लोळण घेतली. खालची खोली नसती तर मी तेव्हाच परत निघाले असते. वरच्या खोलीत एका दुपारी मेणाचे खडू विसरलो, त्यांचा एक रंगीबेरंगी लगदा झाला.

आंधी बघितली. पॅनेलपुसेंनी पाच-दहा मिनिटं लिहिलं होतं, मला तेवढीही मिळाली नाहीत. खिडकी लावली तरी झोपायच्या चादरीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. लेकीने लिहिलंसुद्धा. त्या रात्री मात्र पांघरूण लागलं.

पाण्याचं विचाराल तर टँकर दोनदा मागवावा लागला. कूलरला चढ्या भावाचं पाणी घालताना जिवावर येतं.

आता प्रश्न. घरमालकीणबाई म्हणतात, परवापासून नौतपा लागलाय, हे नऊ दिवस तापले तर पाऊस चांगला. खरं असतं का ते? आणि आम्ही १० जूनला परत निघणार आहोत, तोवर कसं राहील?

---

ढगफुटी | २७ मे, रात्री १०:०५

नौतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे पहिले नऊ दिवस, २५ मेपासून. आपल्याकडच्या पंचांगातलीच रोहिणी, तिच्यामागून ७-८ जूनला मृग. उत्तर भारत याच सुमाराला सर्वांत तापतो, त्यामुळे निरीक्षण म्हणून ठीक आहे. पण तारखा ठरलेल्या आणि हवामान ठरलेलं नाही. २०१६ चा विक्रम नौतपाच्या आधीच होऊन गेला होता. आणि जमीन तापण्यावर सगळा मान्सून ठरत नाही, समुद्राचंही बघावं लागतं.

१० जूनपर्यंतचं आज नेमकं कोणी सांगू शकत नाही. पाच दिवसांचं पत्रक भरवशाचं, दुसऱ्या आठवड्याचं फक्त कल समजायला. जूनमध्ये तर अरबी समुद्रात काही तयार झालं की सगळं फिरतं. २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्याला लागलं आणि ऐन जूनमध्ये बाडमेर-जालोरला पूर आले. निघायच्या पाच दिवस आधी पत्रक बघा. परतीची गाडी जोधपूरहून रात्रीची असेल तर उत्तम.

---

वऱ्हाडी_ठेचा | २८ मे, सकाळी ७:५०

चादरीवर नाव लिहिणारी पोरगी आपली वाटते. ताई, पुढच्या मेमध्ये अकोल्याला या, टँकरचे पैसे वाचतील.

---

बाजरीची_भाकर | २८ मे, सकाळी ८:३०

अकोल्यात टँकर लागत नाही? बरं बरं.

---

फिरस्ता_नवा | २९ मे, दुपारी १२:१५

विषयाशी थोडं अवांतर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जैसलमेरचं पॅकेज निम्म्या किमतीत मिळतंय, तंबूत मुक्काम आणि उंटाची सफारी धरून. आईवडील (६८ आणि ६३) बरोबर आहेत. घेऊ का?

---

पॅनेलपुसे | २९ मे, दुपारी १२:४०

नका घेऊ. तंबूत दगडी भिंत नाही, टांका नाही, आणि आंधी आली तर तंबूही राहील असं नाही. निम्म्या किमतीत मिळतंय कारण जूनमध्ये तिथे कोणी जात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं बघा, रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी उघडतं. येताना वाटेत फलोदीला उतरून खीचनच्या कुरजा दाखवा आईवडिलांना.